ख्याल ऐकणाऱ्याने पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत कुठून सुरू करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बरीच वर्षं ख्याल आणि वाद्यसंगीत ऐकता, सवाई गंधर्व महोत्सवाला जाता, बरेचसे राग ओळखता. आता पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकायचं ठरवलंत आणि बीथोवनची नववी सिंफनी (मोठ्या वाद्यवृंदासाठीची, सहसा चार भागांची रचना) लावलीत. वीसेक मिनिटांत वाट चुकली. "सगळं एकाच वेळी वाजतं, धरायचं काय तेच कळत नाही," असं तुम्ही लिहिलंय. मग एका ॲपवरची तयार यादी लावली. ती कानाला गोड लागली, पण तासाभराने त्यातली एकही धून आठवेना. शेवटी विचारलंय की आधी स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी) शिकावं, इतिहास वाचावा, की नुसतं ऐकत सुटावं?

मी व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या स्वरांचं वाद्य) वाजवते आणि पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकवते. शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांत तुमच्यासारखे ख्याल ऐकून आलेले पुष्कळ असतात, आणि त्यांची अडचण जवळजवळ याच शब्दांत असते. माझं उत्तर : ऐका. नोटेशन नंतर, इतिहास त्याहून नंतर. फक्त काय ऐकायचं आणि किती वेळा, तिथे खरी गोम आहे.

तुम्ही हरवलात ते माहिती कमी आहे म्हणून नव्हे. ख्यालात बंदिशीचा मुखडा पुन्हा पुन्हा येतो, सम आली की आपण कुठे आहोत ते कळतं, आणि रागाचे स्वर गायक एकेक करून तुमच्यापुढे मांडतो. लक्षात ठेवण्याचं काम तो तुमच्याकडून नकळत करून घेतो. सिंफनीत संगीतकार आपली मुख्य धून अर्ध्या-एक मिनिटात सांगून मोकळा होतो आणि पुढची दहा मिनिटं ती तुम्हाला पाठ आहे असं धरून चालतो. ती पाठ नसेल, तर तिचं पुढे काय केलंय हे कळायला मार्गच उरत नाही. त्यात नववी सिंफनी म्हणजे पासष्ट-सत्तर मिनिटांचा कारभार. ज्या गायनासाठी ती प्रसिद्ध आहे ते सुरू व्हायला पाऊण तास जातो. सुरुवातीला ही रचना मी कुणालाच सांगत नाही.

आता काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत. तुमचा जीव गळ्यात अडकलेला असेल, वाद्यसंगीत मुळातच कमी ऐकत असाल, तर वाद्यवृंदाच्या वाटेने जाऊच नका. शूबर्टने १८१५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, गटेच्या कवितेला चाल लावली : 'एर्लक्योनिग'. चार मिनिटांचं गाणं, एक गायक, एक पियानो. वादळी रात्री बाप आजारी मुलाला घोड्यावर घेऊन निघालाय, आणि निवेदक, बाप, मुलगा आणि मुलाला बोलावणारा तो भुतांचा राजा असे चारही आवाज एकच गायक काढतो. पियानोवर घोड्याच्या टापा थांबत नाहीत. कवितेचा अर्थ आधी वाचून घ्या आणि मग ऐका. जुगलबंदी आवडत असेल, तर बाखचा दोन व्हायोलिनांचा डी मायनर कन्चेर्टो (प्रमुख वादक आणि साथीला वाद्यवृंद अशी रचना) घ्या, त्याची संथ दुसरी मूव्हमेंट, म्हणजे दुसरा भाग. इथे मात्र सवाल-जवाब नाही. एक व्हायोलिन धून सुरू करतं, ती संपायच्या आतच दुसरं तीच धून वेगळ्या स्वरावरून उचलतं, आणि पहिलं न थांबता पुढे जातं. दोघं एकाच वेळी बोलतात आणि तरी भांडण होत नाही. हे ज्याला आवडलं त्याला बाख पुढे आयुष्यभर पुरतो.

पण तुमच्या लिहिण्यावरून तुम्हाला वाद्यं आवडतात आणि अडचण 'एकाच वेळी सगळं' ही आहे, म्हणून मी तुम्हाला हायडनपासून सुरुवात करायला सांगेन. स्ट्रिंग क्वार्टेट, ओपस ७६, नंबर ३, आणि त्यातली फक्त दुसरी मूव्हमेंट. सात-आठ मिनिटांची आहे. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो (त्याच घराण्यातलं खर्जाचं वाद्य), बस्स.

ही धून हायडनने १७९७ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटासाठी गीत म्हणून केली होती. आज जर्मनीचं राष्ट्रगीत याच चालीवर आहे, त्यामुळे फुटबॉलच्या सामन्याआधी तुम्ही ती ऐकलीही असेल. आपल्या स्वरांत पहिली ओळ साधारण अशी : सा रे ग रे, म ग रे नि सा. (नि मंद्रातला.) साधी, गाता येण्यासारखी. पहिली ओळ दोनदा, मधली एकदा, शेवटची दोनदा, आणि शेवटची ओळ थेट तार सा वरून सुटते. आधी ही धून गुणगुणता येईपर्यंत ऐका. हे सांगितलेलं लोक हटकून टाळतात, पण याशिवाय पुढचं सगळं फुकट आहे.

मग पुढे काय होतं ते बघा. चार व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच धुनेची चार रूपं, येतात आणि चारही वेळा धून जशीच्या तशी राहते. तानपलटे नाहीत, अलंकार नाहीत. पहिल्यात ती दुसऱ्या व्हायोलिनकडे जाते आणि पहिलं व्हायोलिन तिच्यावरून भराभर नक्षी काढत राहतं. बाकी दोघं गप्प. दुसऱ्यात धून चेलोकडे, म्हणजे खर्जाच्या बाजूला. तिसऱ्यात व्हायोलाकडे (माझ्या वाद्याला अशी संधी क्वचित मिळते, म्हणून माझा पक्षपात गृहीत धरा). चौथ्यात ती पुन्हा पहिल्या व्हायोलिनकडे येते, पण तिच्याखालचे स्वर आता सुरुवातीइतके सरळ राहिलेले नसतात. तेच शब्द वय झालेल्या माणसाने म्हटल्यासारखे लागतात.

तबल्याचा सोलो ऐकताना मागे सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा चालू असतो ना? लेहरा बदलत नाही. तो स्थिर आहे म्हणूनच तबलजी काय करतोय ते कळतं. हायडनने या मूव्हमेंटमध्ये मुख्य धुनेलाच लेहऱ्याच्या जागी बसवलंय. म्हणून धून शोधण्यात वेळ घालवू नका, ती पाठच आहे. तिच्या वर काय चाललंय आणि तिच्या खाली काय चाललंय, तिकडे कान द्या. एका वेळी एकच वाद्य धरा : आज सगळा वेळ फक्त चेलो, उद्या फक्त दुसरं व्हायोलिन. आठवडाभर रोज ही एकच मूव्हमेंट ऐका. "कंटाळा येईल हो," असं विद्यार्थी म्हणतात. मग एखाद्या दिवशी त्यांना अचानक चारही वाद्यं वेगवेगळी आणि एकत्र अशी दोन्ही ऐकू यायला लागतात, आणि 'सगळं एकाच वेळी वाजतं' ही तक्रार बंद होते.

तंतुवाद्यांपासून सुरुवात करण्याचं आणखी एक कारण आहे. पियानो समान अंतराच्या बारा स्वरांवर लावतात, त्यामुळे त्याचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा असतो. पेटीबद्दलची ही जुनी तक्रार तुम्ही ऐकलेलीच असणार. ज्यांचा कान तानपुऱ्यावर तयार झालाय, त्यांना पियानो सुरुवातीला किंचित बेसूर वाटू शकतो. क्वार्टेटमधले वादक स्वर बोटाने लावतात, ते एकमेकांचं ऐकून सरकतात.

दुसरा टप्पा म्हणजे सरकणारा सा. ख्याल ऐकणाऱ्यांना सगळ्यात जास्त हाच नडतो, आणि गंमत म्हणजे तो पकडायचं हत्यारही त्यांच्याकडेच असतं. आपल्याकडे तानपुरा मिळवला की मैफल संपेपर्यंत सा तिथेच. पाश्चात्त्य रचनेत, निदान अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक रचनांत, सा घरून निघतो, दुसरीकडे मुक्काम करतो आणि परत येतो. पुष्कळशी कथा तेवढ्यातच असते. सा हलला हेच कळलं नाही, तर परत आल्याचं सुख तरी कसं मिळणार?

यासाठी मोझार्टचं 'आइने क्लाइने नाख्टमुझीक' घ्या, १७८७ सालचं, पहिली मूव्हमेंट. पाच-सहा मिनिटांची. सुरुवात तुम्ही जाहिरातींत आणि फोनच्या रिंगटोनमध्ये ऐकलेली असेल : सा प सा, प सा प सा ग प. सगळी वाद्यं मिळून फक्त सा-ग-प हे तीन स्वर घेतात, म्हणजे घराचा पत्ता सांगतात. लगेच उत्तर येतं ते म, रे, नि आणि प या स्वरांतून, आणि तिथे थांबवत नाही, परत सा कडे ओढ लागते. ही सा-ग-प ची विश्रांती आणि प-नि-रे-म ची ओढ, इतकी हार्मनी सध्या पुरे.

आता प्रयोग. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप असेलच. पांढरी पाच लावा, आवाज बारीक ठेवा, आणि त्यावर ही मूव्हमेंट वाजवा. आधुनिक वाद्यांवरचं रेकॉर्डिंग निवडा, कारण जुन्या पद्धतीची वाद्यं वाजवणारे समूह बऱ्याचदा पट्टी खाली ठेवतात आणि मग तानपुरा जुळणार नाही. सुरुवातीला छान जमेल. थोड्या वेळाने एक तीव्र मध्यम डोकावेल. क्षणभर यमनचा भास होईल, पण यमन नाही तो. पंचम आता नवा सा होऊ घातलाय, आणि नव्या सा चा शुद्ध निषाद म्हणजे जुन्या सा चा तीव्र मध्यम. साधारण पाऊण मिनिटाच्या सुमारास दुसरी, जरा नाजूक धून सुरू होईल आणि तुमचा तानपुरा बोचायला लागेल. सा हलला तो असा.

तो सगळा भाग बहुधा पुन्हा एकदा पहिल्यापासून वाजतो. संगीतकाराने मागितलेली ही आवृत्ती श्रोत्याच्या सोयीचीच आहे, धून पाठ व्हावी म्हणून. मग एक छोटा अस्थिर तुकडा येतो, त्यात पहिली धून भलत्याच ठिकाणी भेटते. आणि मग सगळं पहिल्यापासून परत, फक्त एक फरक करून. ती नाजूक दुसरी धून आता मूळ सा वर येते. या वेळी तानपुरा बोचत नाही. हे एकदा प्रत्यक्ष कानाने अनुभवलं, की 'सोनाटा फॉर्म' नावाच्या प्रकाराबद्दल पुस्तकात जे काही लिहिलेलं असतं त्यातलं बरंचसं तुम्हाला आलं. मोझार्ट, हायडन, बीथोवन यांच्या सिंफनी, क्वार्टेट आणि सोनाटांच्या पहिल्या मूव्हमेंट बहुतेक याच बांधणीच्या असतात.

इथे एक सावधगिरी. मोझार्टची चाळिसावी सिंफनी ऐकवली की आपल्याकडची माणसं पहिल्या काही सेकंदांत खूश होतात, कारण सलील चौधरींनी तिची सुरुवातीची धून 'छाया' या १९६१ च्या चित्रपटात वापरली आहे. ओळख पटल्याचा आनंद खरा आहे. पण बरेच जण तिथेच कान मिटतात आणि उरलेली मूव्हमेंट त्या गाण्याची पार्श्वभूमी असल्यासारखी ऐकतात. मोझार्टला त्या धुनेपेक्षा तिची पुढे जी मोडतोड होते तिच्यात जास्त रस होता.

म्हणजे आतापर्यंत दोन कामं झाली : हायडनकडून वेगवेगळे आवाज सोडवायला शिकलात, मोझार्टकडून सा चा पाठलाग. यानंतर मोठ्या वाद्यवृंदाकडे वळा आणि बीथोवनची पाचवी सिंफनी घ्या, १८०८ सालची, अर्ध्या तासाच्या आसपासची. प प प ग, म म म रे, यातला ग कोमल. चार स्वरांचा हा तुकडा धून म्हणायच्याही लायकीचा नाही, आणि त्यातून त्याने सात-आठ मिनिटांची पहिली मूव्हमेंट उभी केली. पुढे तिसऱ्या मूव्हमेंटमध्येही तीच लय शिंग वाजवल्यासारखी परत येते. त्या मूव्हमेंटच्या शेवटी आवाज जवळजवळ बंद होतो, नगारे बारीक वाजत राहतात, आणि न थांबता चौथी मूव्हमेंट उसळते. इथे कोमल गंधार जाऊन शुद्ध गंधार येतो, आणि तोवर गप्प बसलेले ट्रॉम्बोन या सिंफनीत पहिल्यांदाच तोंड उघडतात.

नववीकडेही जाता येईल, पण शेवटची मूव्हमेंट आधी ऐका. सुरुवातीच्या गदारोळानंतर ती प्रसिद्ध धून कशी येते बघा. प्रथम फक्त चेलो आणि डबल बेस, साथीला कुणी नाही. मग व्हायोला, आणि बाजूला बासून (खर्जातलं फुंकवाद्य) वेगळंच काही सांगतोय. मग व्हायोलिन. मग सगळा वाद्यवृंद. धून तीच, हात बदलतात. हायडनच्या क्वार्टेटवर ज्याने आठवडा घातलाय त्याला इथे अडखळायचं कारण नाही.

तुमच्यासारखे श्रोते पुढे आणखी एक प्रश्न विचारतातच : सगळंच लिहिलेलं, तर वादक करतो काय? बाखचे 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' पियानोवादक ग्लेन गूल्डने दोनदा रेकॉर्ड केले, १९५५ आणि १९८१ मध्ये. वादक तोच, कागदावरचे स्वर तेच. सुरुवातीचा आरिया, म्हणजे मूळ धून, पहिल्यात दोन मिनिटांच्या आत संपतो, दुसऱ्यात तीन मिनिटांच्या आसपास जातो. दोन्ही पाठोपाठ ऐका. स्वर कुठे सोडला, दोन स्वरांत किती जागा ठेवली, डाव्या हाताला किती बोलू दिलं, हे सगळं कागदावर नसतं. आणि उत्स्फूर्त वादन तिकडे नव्हतंच असंही समजू नका. बाख, मोझार्ट, बीथोवन तिघंही त्यासाठी नावाजलेले होते. कन्चेर्टोत वाद्यवृंद थांबून एकटा वादक काही काळ वाजवतो, ती 'कडेन्झा' त्याचीच खूण आहे.

आता काही किरकोळ पण त्रासदायक गोष्टी. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात चेलो आणि डबल बेस जवळजवळ गायब होतात, म्हणजे ज्याच्यावर इमारत उभी आहे तेच नाही. साधा हेडफोन चालेल. लोकलमध्ये किंवा रस्त्यावर सिंफनी नको, तिच्यातले हळू भाग गाडीच्या आवाजात बुडतात आणि तुम्ही आवाज वाढवलात की पुढचा ठोका कानात बसतो. प्रवासात पियानोवर वाजवलेला बाख बरा.

रचनांची नावं बघून घाबरायचं कारण नाही. प्रकार, त्या प्रकारातला क्रमांक, पट्टी आणि मग यादीतला नंबर. ओपस म्हणजे बहुतेक वेळा प्रकाशनाचा क्रमांक. मोझार्टपुढचा 'के' म्हणजे क्योखेलने १८६२ मध्ये छापलेल्या यादीतला नंबर, बाखपुढचा 'बीडब्ल्यूव्ही' तसाच. शोधताना टोपणनावावर विसंबू नका. मी सांगितलेल्या हायडनच्या क्वार्टेटला 'एम्परर' म्हणतात, आणि बीथोवनच्या पाचव्या पियानो कन्चेर्टोलाही 'एम्परर'च म्हणतात. नुसता तो शब्द टाकलात तर भलतंच हाती लागेल. ॲपवर 'शफल' बंद ठेवा, नाहीतर एका सिंफनीची दुसरी मूव्हमेंट आणि दुसऱ्या सिंफनीची चौथी अशी खिचडी होते. आणि त्या 'मन शांत करणाऱ्या' याद्या माझ्या मते नवशिक्याचं नुकसानच करतात. त्यांत वेगवेगळ्या रचनांमधल्या फक्त संथ मूव्हमेंट कापून ओळीने लावलेल्या असतात. ज्या वादळानंतर ती शांतता येते ते वादळच काढून टाकल्यावर लक्षात काय राहणार?

नोटेशनचं म्हणाल तर वाजवायचं असेल तेव्हा शिका. ऐकण्यासाठी ते अडत नाही.

प्रत्यक्ष ऐकायची संधी मात्र सोडू नका. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यांचे कार्यक्रम होतात. गोव्यात तर चर्चच्या शाळांमधून पिढ्यान् पिढ्या व्हायोलिन आणि नोटेशन शिकवलं गेलं, आणि तिथलेच वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत दिसले. क्वार्टेटचा कार्यक्रम मिळाला तर आधी तिथे जा आणि पुढे बसा. कोण कुणाकडे बघून गज उचलतो ते दिसलं की ऐकणं निम्मं सोपं होतं.

कार्यक्रमात भलत्या वेळी टाळ्या वाजवल्या जातील ही भीती तुम्हीही बोलून दाखवलीत. दोन मूव्हमेंटच्या मध्ये टाळ्या न वाजवण्याची रीत बरीच नंतरची. मोझार्टने १७७८ च्या जुलैमध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलंय की त्याच्या सिंफनीतल्या एका जागेवर लोकांनी मूव्हमेंट चालू असतानाच टाळ्या वाजवल्या. ती जागा आवडणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून शेवटी त्याने ती पुन्हा आणली होती. कार्यक्रम संपल्यावर स्वारी खुशीत आइस्क्रीम खायला गेली. आपल्या मैफलीतली 'वा!' त्याला परकी वाटली नसती. आज मात्र सभागृहाची रीत पाळलेली बरी. कार्यक्रमपत्रिकेत रचनेच्या नावाखाली चार ओळी असतील तर त्या चार मूव्हमेंट, टाळ्या चौथीनंतर. मोजणं चुकलं तर कंडक्टर हात खाली करून तुमच्याकडे वळेपर्यंत थांबा. आणि बीथोवनची पाचवी असेल तर जरा सांभाळून, तिसरी आणि चौथी जोडलेल्या असल्यामुळे मध्ये दोनदाच थांबतात.